पात्र आणि अपात्र

मराठी भाषेत ‘पात्र’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. नाटकात किंवा चित्रपटात जो वावरतो तो पात्र; आणि सरकारी दप्तरात जो मदतीस लायक ठरतो तोही पात्र. अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याला हे दोन्ही दर्जे गेल्या वीस वर्षांत मिळाले. परंतु मिळाले ते एकाच अटीवर. तो आधी मेला पाहिजे. जिवंत शेतकरी, जो पेरतो, वेचतो, गाडी भरून बाजारात नेतो आणि भाव ऐकून मुकाट्याने परततो, तो पडद्याच्याही कामाचा नाही आणि दप्तराच्याही कामाचा नाही. गेल्या काही वर्षांतील चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका एका बाजूला आणि याच काळातील सरकारी निर्णय दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिले, म्हणजे दोहोंची पटकथा एकाच लेखणीतून उतरली असावी, अशी शंका येऊ लागते.

आधी दप्तराकडे वळावे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याची पद्धत महाराष्ट्र सरकारने २००६ साली घालून दिली. त्यांपैकी ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. परंतु त्यासाठी मृत्यू ‘पात्र’ ठरावा लागतो. जमीन कुटुंबाच्या नावे हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. नापिकीमुळे ते थकलेले हवे आणि फेडीचा तगादा लागलेला हवा. ज्याने दुसऱ्याचे शेत मक्त्याने केले, ज्याने बँकेच्या दारातून परत येऊन गावातल्या विनापरवाना सावकारापुढे हात पसरला, त्याचे मरण कागदोपत्री अपात्र. म्हणजे जो व्यवस्थेच्या सर्वांत बाहेर फेकला गेला, तोच मेल्यावरही बाहेर राहतो. या यादीत एक गोष्ट मात्र कोठेही विचारलेली नाही: त्या वर्षी त्याच्या कापसाला भाव काय मिळाला होता?

पडदाही हाच प्रश्न विचारीत नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ सालचा चित्रपट या विषयावरील सर्वांत प्रामाणिक प्रयत्नांपैकी एक होय, म्हणूनच त्याची परीक्षा कठोरपणे केली पाहिजे. शेजाऱ्याने आत्महत्या केली, आता आपला नवराही तेच करील, या भीतीने किसनाची बायको अलका त्याच्यावर पाळत ठेवते. तो शेतात निघाला की लहानग्या मुलाला मागोमाग धाडते. घरात दाणा नसताना त्याचे मन रमावे म्हणून गोडधोड रांधते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही दोन माणसे कमालीच्या संयमाने उभी केली आहेत. बोली वऱ्हाडी आहे आणि ती हसवण्यासाठी वापरलेली नाही, हेही थोडे नव्हे. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत गेली वीस वर्षे अशी पाळत चालली आहे, आणि ती पडद्यावर आणण्याचे श्रेय या चित्रपटाला द्यावेच लागेल.

परंतु चित्रपटाच्या नावातली शिवी कोणाला आहे? पावसाला. कर्जाचे ओझे त्यात आहे, बियाण्याची विवंचना आहे. तथापि सगळ्या दुःखाचा कर्ता म्हणून जो उभा राहतो तो आभाळात राहणारा आहे. त्याच्यावर मोर्चा नेता येत नाही, त्याला निवडणुकीत पाडता येत नाही, त्याच्या नावे विधानसभेत लक्षवेधी मांडता येत नाही. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि पाऊसच असा गाभ्रीचा, त्याला कोण काय करणार, असे म्हणून घरी जातो.

त्यानंतरच्याच वर्षी अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ आला. त्याची जात निराळी. कर्जापायी जमीन लिलावात निघाली आहे. आत्महत्या केली तर सरकार पैसे देते, असे ऐकून दोन भाऊ आपसांत ठरवतात की नत्थाने मरावे. मग वाहिन्यांच्या गाड्यांचा तांडा गावात येऊन पडतो. हा उपहास नेमका आहे. जिवंतपणी काही न देणारी आणि मेल्यावर लाख देणारी व्यवस्था माणसाला काय शिकवते, हे त्याने एका प्रसंगात सांगितले. याच चित्रपटात होरी महतो नावाचा माणूस माती खणून विकता विकता कोणाच्याही लक्षात न येता मरतो. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील नायकाचे नाव त्याला दिले आहे ते उगाच नव्हे. तरीदेखील चित्रपटगृहात हशा पिकला तो मुख्यतः वार्ताहरांच्या धावपळीवर. उपहासाचे लक्ष्य कॅमेरा झाला. लिलाव पुकारणारी बँक आणि भाव पाडणारा बाजार पडद्याच्या कडेलाच राहिले. नत्थासारख्यांच्या मरणावर आपले मनोरंजन होत आहे, असे म्हणून विदर्भातील काही शेतकरी कार्यकर्त्यांनी तेव्हा या चित्रपटाचा निषेध केला. त्यांची बंदीची मागणी चुकीची होती. त्यांची वेदना चुकीची नव्हती.

आता पावसाचा हिशेब मांडून पाहू. अकोल्यास वर्षाकाठी साडेसातशे ते आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीकडे याहून पुष्कळ कमी पडतो. आभाळाची कृपणता हेच जर मरणाचे कारण असते, तर आत्महत्यांचा नकाशा वेगळा दिसला असता. पावसाइतकेच महत्त्व पडलेल्या पाण्याचे काय झाले याला आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेषाचे मोजमाप सरकारपुढे ठेवले. त्यात विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष आकड्यांनी सिद्ध झाला. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा तर याहून बिकट. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खणली तर खारे पाणी लागते. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही चालत नाही. एवढे मोठे नाट्य ज्या भूमीच्या पोटात आहे, तिच्यावर कोणा पटकथाकाराची नजर गेल्याचे दिसत नाही.

आणि पाऊस चांगला झाला तरी काय? कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. तिच्यात गैरव्यवहार होते, विलंब होता, राजकारण होते. पण कापसाच्या भावाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला तेव्हा उत्तर होते. शेतकरी मंत्र्याला घेराव घालू शकत होता. नव्या शतकाच्या आरंभी ही योजना मोडीत निघाली आणि शेतकरी जगाच्या बाजारात एकटा उभा राहिला. त्या बाजारात अमेरिकेसारखा देश आपल्या कापूस उत्पादकांना अनुदाने देऊन भाव पाडीत होता. ब्राझीलने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ साली अपिलातही ती मिळवली. भारताच्या कापूस उत्पादकाच्या वतीने असा दावा कोणी लढवला नाही. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली. बियाणे महागले, फवारणीचा खर्च काही वर्षे घटला आणि पुन्हा चढला, २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उभी पिके फस्त केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

ताजे उदाहरण तर अंगावर शहारे आणणारे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. पिके शेतात उभी असतानाच, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. वऱ्हाडात कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास जोर धरते. म्हणजे घरचा कापूस बाजारात येण्याच्या नेमक्या वेळी परक्या कापसाला दार मोकळे झाले आणि खुल्या बाजारातील भाव हमीभावाच्या खाली घसरले. सरकारी खरेदी हवी तर मोबाइलवरील ‘कपास किसान’ या यंत्रणेत नोंदणी करा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत ठेवा आणि थांबा. ज्याला उसनवारीचे पैसे आजच द्यायचे आहेत तो थांबणार कसा? त्याने जो भाव मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला माल घातला. या व्यवहारात पाऊस कोठे आला? दिल्लीतील एका अधिसूचनेने जे केले ते आभाळाच्या माथी मारणे, हा कलेचाही अपराध आहे आणि सत्याचाही.

येथे रसिकांकडून एक आक्षेप हमखास येतो. चित्रपट म्हणजे काही जमाखर्चाची वही नव्हे, कलेने भावना जागवाव्यात, आकडे अर्थशास्त्रज्ञांनी सांगावेत, असे म्हटले जाते. हा आक्षेप भारतीय चित्रपटाच्या इतिहासाच्या अज्ञानातून येतो. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ साली काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरच्या त्या चित्रपटात तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. सावकाराने जमीन गिळली आणि शेतकरी शहरात मजूर झाला, एवढी साधी आणि एवढी भयंकर गोष्ट. पडद्याला वाचा फुटण्यापूर्वी मराठी चित्रपटाला सावकाराचे नाव घेता येत होते. पुढे १९५३ साली बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा ज़मीन’मध्ये शंभूच्या समजुतीने कर्ज ६५ रुपयांचे असते, कचेरीत त्याला कळते की ते २३५ रुपयांवर गेले आहे. त्या दोन आकड्यांमध्ये जो अन्याय आहे तो कोणत्याही स्वगताने सांगता आला नसता. बलराज साहनी कोलकात्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढतात ती त्या आकड्यांतील फरक भरून काढण्यासाठी, हे ठाऊक असल्यामुळेच प्रेक्षकाचा जीव कासावीस होतो. आकडा तेथे भावनेच्या आड आला नाही. त्यानेच भावनेला धार दिली.

वऱ्हाडाला तर हे शिकवण्याची गरजच पडू नये. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी मामाच्या शेतावर वाढलेले गाडगेबाबा कीर्तनात काय करीत असत? ते समोरच्या हजारोंना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज, सावकार, व्याज, सणावारावरचा खर्च यांचा हिशेब भर सभेत होत असे. मामाची जमीन सावकाराने कशी घशात घातली, हे डेबूजीने लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. ‘देवकीनंदन गोपाला’ या १९७७ सालच्या राजदत्त यांच्या चित्रपटाने बाबांची मूर्ती घरोघर पोहोचवली. मात्र हिशेब विचारण्याची त्यांची जी रीत होती ती पुढे कोणत्या चित्रपटाने उचलली? वऱ्हाडात सर्वांत मोठी गर्दी खेचणारा प्रयोग हा हिशेबाचा प्रयोग होता, एवढे जरी चित्रपटवाल्यांनी ध्यानात घेतले तरी पुरे.

साहित्याचीही साक्ष हीच आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिकचा संसार वाचताना तिच्या पदराच्या गाठीला किती पैसे उरले आहेत हे वाचकाला कळत राहते, आणि म्हणूनच तिची झुंज त्याच्या मनातून जात नाही. याच नावाचा जो चित्रपट २०१२ साली आला आणि ज्यासाठी उषा जाधव यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची कथा मात्र निराळी. कौतिक अजून पडद्यावर यायचीच आहे. बुलढाण्याकडील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी न लागलेला एकनाथ आणि शेतीत रुतलेले त्याचे घर यांची ती कहाणी. धीरज मेश्राम यांनी तिच्यावर चित्रपट केला, पण तो हिंदीत. वऱ्हाडी मातीतून आणि वऱ्हाडी बोलीतून उगवलेले पुस्तक पडद्यावर जाण्यासाठी परभाषेचा आश्रय घेते, यावर मराठी चित्रसृष्टीने खरोखर विचार करायला हवा होता.

मेलेल्या शेतकऱ्याची पडद्यावर ही अवस्था. तर जिवंत वऱ्हाडी माणसाला तेथे कोणते काम मिळते? विदूषकाचे. ‘काऊन’, ‘करून रायलो’ हे शब्द कानावर पडताच स्टुडिओतील प्रेक्षक हसायला लागतात. पुढे विनोद असो वा नसो. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडील गुणी नटाने २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’मधून ही बोली महाराष्ट्राच्या कानावर सतत घातली. त्यांच्या कलेला दोष देण्याचे कारण नाही. उलट त्यांनी आपल्या बोलीची लाज बाळगली नाही याचे कौतुकच केले पाहिजे. दोष आहे तो त्या बोलीला फक्त एवढीच जागा देणाऱ्या व्यवस्थेचा. ज्या बोलीत वऱ्हाडातली बाई मुलाला निजवते, ज्या बोलीत अडत्याशी भावाची घासाघीस होते, त्या बोलीत पडद्यावर न्यायाधीश बोलत नाही, डॉक्टर बोलत नाही, कलेक्टर बोलत नाही. भाषेचीही एक उतरंड असते आणि ती संपत्तीच्या उतरंडीला समांतर जाते. पुण्या-मुंबईची बोली ही ‘मराठी’ आणि वऱ्हाडी ही ‘गंमत’, हा निवाडा कोणत्या भाषातज्ज्ञाने दिलेला नाही. तो पैशाने दिलेला आहे.

या नियमाला अपवाद म्हणून ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेचा दाखला दिला जातो. २०१६ ते २०२१ अशी तब्बल साडेचार वर्षे ती झी मराठीवर चालली. नागपूरकडची राधिका, तिचा मुंबईत बड्या पगाराची नोकरी करणारा नवरा, आणि त्याचे दुसरे प्रकरण. नायिका वैदर्भी ढंगात बोलते, रडत बसत नाही, मसाल्यांचा व्यवसाय उभारते. अमरावती-अकोल्याच्या घरोघरच्या स्त्रियांना ती जवळची वाटली, यात नवल नाही. पण पुढे काय होते? पाहता पाहता राधिकाची कंपनी ३०० कोटींची होते. भांडवल कोठून आले, तारण काय ठेवले, बँकेने तिच्या अर्जावर किती खेटे घालायला लावले, मिरची आणि धणे कोणत्या शेतकऱ्याकडून कोणत्या भावाने घेतले, मसाला कांडणाऱ्या बायकांना रोज किती पडला, याचा कथेला पत्ता नाही. बचत गटाच्या स्त्रीला चार आकडी कर्जासाठी किती सह्या कराव्या लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही मालिका पाहून हसावे की रडावे? कष्टाने माणूस कोट्यधीश होतो, एवढाच तिचा सांगावा. त्याचा व्यत्यास प्रेक्षकाच्या मनात आपोआप उतरतो: जो गरीब राहिला तो कष्टात कमी पडला. वऱ्हाडातील कापूस वेचणाऱ्या बाईच्या तोंडावर हे वाक्य कोणी बोलून दाखवील काय? मालिका ते न बोलता रोज रात्री बोलते.

असे का होते, याचे उत्तर कलावंतांच्या स्वभावात शोधून भागणार नाही. ते पडद्याच्या अर्थकारणात आहे. मालिका ही जाहिरातदारांना प्रेक्षक विकण्यासाठी असते. आणि जाहिरातदाराला हवा तो साबण, दागिने, गृहकर्ज घेऊ शकणारा प्रेक्षक. कर्जबाजारी घर पाहून त्याची खरेदीची इच्छा मावळते. म्हणून मालिकेतील घरांना दिवाणखाने असतात, पण उत्पन्नाचे साधन दिसत नाही. भांडणे असतात, पण ती वीजबिलावरून होत नाहीत. चित्रपटाचे गणितही फार वेगळे नाही. वितरणाच्या धंद्यात या मुलखाला आजही ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे राज्य इतिहासजमा होऊन कित्येक दशके लोटली, विदर्भाचा कारभार १९५६ सालीच मुंबई राज्याकडे आला. पण चित्रपटाच्या खातेवहीत वऱ्हाड अद्याप वसुलीचा जुना इलाखाच आहे. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड घेतले ते कापसासाठी. खामगावला आगगाडीचा फाटा नेला तो कापूस मुंबईच्या बंदराकडे ओढण्यासाठी. कच्चा माल येथून न्यावा, पक्का माल येथे विकावा, हा त्या काळचा न्याय. आज दुःखाचा कच्चा माल वऱ्हाडातून जातो, मुंबईत त्याचा पिंजून चित्रपट होतो आणि तिकिटाच्या रूपाने तो वऱ्हाडात परत विकला जातो. ज्या माहितीपटांनी आकडे मांडण्याचे धाडस केले, जसे दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ किंवा नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’, ते महोत्सवांत आणि अभ्यासकांच्या वर्तुळात वाखाणले गेले. मूर्तिजापूर किंवा दर्यापूरच्या प्रेक्षकाला ते तिकीट काढून पाहण्याची सोय नाही.

आणखी एक युक्तिवाद असा केला जातो की, आत्महत्येवरचे चित्रपट निदान सहानुभूती तरी निर्माण करतात आणि सहानुभूतीतून सरकार हलते. सरकार हलते हे खरे. पण कोणत्या दिशेने? २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होते, बियाणे होते; भावाचा प्रश्न होता तेथेच राहिला. २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला मिळाली. ओलिताच्या दोन हेक्टरांत ऊस पिकवणारा आणि कोरडवाहू तीन हेक्टरांत कापूस लावून तोट्यात जाणारा यांच्यात अधिक गरीब कोण? कागदाने सांगितले, पहिला. वऱ्हाडातील किती तरी कोरडवाहू शेतकरी केवळ जमिनीचा आकडा मोठा म्हणून त्या माफीतून निसटले. दयेवर आधारलेले धोरण असेच आंधळे असते, कारण दयेला हिशेबाची गरज वाटत नाही. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ साली ‘नाम’ संस्था काढून विधवांना मदत पोहोचवली, हे त्यांच्या माणुसकीला शोभणारे आहे. परंतु नटांनी वर्गणी गोळा करून विधवांचे अश्रू पुसावेत आणि सरकारने आयात शुल्क उठवून नव्या विधवा घडवाव्यात, ही श्रमविभागणी कोणत्या सुसंस्कृत देशाला भूषणावह आहे?

तेव्हा करायचे काय? श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ने वाट दाखवून ठेवलेली आहे. १९७६ सालच्या त्या चित्रपटाचे भांडवल गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन रुपये घालून उभे केले. म्हणून त्यात दुधाचे मोजमाप आले, फॅट आले, खासगी डेअरीवाल्याने दिलेला भाव आला, आणि तरीही तो चित्रपट रुक्ष झाला नाही. ज्याचे भांडवल त्याची कथा, हा चित्रपटाचा साधा नियम आहे. पश्चिम महाराष्ट्रातील साखरेच्या सत्तेला १९७५ साली ‘सामना’ मिळाला. कापसाला त्याचा ‘सामना’ पन्नास वर्षांनंतरही मिळालेला नाही. वऱ्हाडातील कापूस उत्पादकांच्या संस्थांनी, शेतकरी कंपन्यांनी आणि जिनिंगमधल्या कामगार संघटनांनी माणशी दहा रुपये काढले तरी एका प्रामाणिक चित्रपटाची सोय होऊ शकते.

सरकारकडे मागण्यासारख्या गोष्टीही थोड्या आणि स्पष्ट आहेत. मराठी चित्रपटांना जे अनुदान दिले जाते ते जनतेच्या पैशातून दिले जाते. अनुदान घेतलेला चित्रपट तालुक्याच्या गावी परवडणाऱ्या दरात दाखवण्याची अट त्याला जोडावी. मुंबई दूरदर्शनने ‘आमची माती, आमची माणसं’सारखा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालवून शेतीला पडद्यावर हक्काची जागा दिली होती. सह्याद्री वाहिनीने त्याच न्यायाने वऱ्हाडातील लेखकांकडून, वऱ्हाडी बोलीत, वऱ्हाडातील नटसंचात नाट्यमालिका करून घ्याव्यात. अमरावतीचे विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाने चालते आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ पंजाबराव देशमुखांच्या नावाने. या दोन संस्थांनी एकत्र बसून चित्रपट-मंडळ चालवले, आणि प्रत्येक खेळानंतर त्या वर्षीचा लागवडीचा खर्च व बाजारभाव फळ्यावर मांडून चर्चा ठेवली, तर त्या दोन थोर नावांचे थोडे तरी ऋण फिटेल.

प्रेक्षकांचीही यात जबाबदारी आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने घटकाभर हसू नये, असे कोणी म्हणत नाही. पण पडद्यावर शेतकरी दिसला की त्याने एक सवय लावून घ्यावी. याच्या मालाला भाव काय मिळाला? याचे कर्ज कोणाचे, किती टक्क्यांचे? ते कोणत्या निर्णयाने वाढले? या तीन प्रश्नांची उत्तरे जो चित्रपट देत नाही, त्याने शेतकऱ्याचे नुसते मरण वापरले असे खुशाल समजावे. गाडगेबाबांच्या श्रोत्यांना असे प्रश्नोत्तर जमत होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना ते जड जाऊ नये.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला पडद्यावर पात्र व्हायचे असेल तर ते जिवंतपणी, हातात सातबारा आणि काट्याची पावती घेऊन, स्वतःच्या बोलीत हिशेब मागणारे पात्र म्हणून व्हायला हवे. तसे पात्र एकदा पडद्यावर उभे राहिले की दप्तरातील ‘पात्र-अपात्र’ची यादी करणाऱ्यांनाही त्याच्या नजरेला नजर देणे कठीण जाईल. तोवर मात्र पावसाला शिव्या घालणारे चित्रपट निघत राहतील, आणि ज्यांना शिव्या पडायला हव्यात ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत राहतील.